संशयिताची फाइल: मुंबईत कशी शोधावी, कशी वाचावी

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राच्या पुराभिलेखागाराचं दप्तर आहे. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याची चूक ठरलेली. तो टेबलापाशी जाऊन नाव सांगतो: अमुक आडनाव, गिरगावात राहायचे, दुसऱ्या महायुद्धात पोलिसांची पाळत होती म्हणे. नावाने काहीच निघत नाही आणि माणूस 'रेकॉर्डच नाही' असं ठरवून परत जातो. रेकॉर्ड बहुतेक वेळा असतं, पण सरकारने नस्त्या, म्हणजे फायली, माणसाच्या नावाने लावलेल्याच नसतात. संशय ज्या कायद्याखाली घेतला आणि ज्या खात्याने घेतला, त्याप्रमाणे त्या लावलेल्या असतात. म्हणून आधी कलम, मग खातं, मग साल आणि सगळ्यात शेवटी नाव. हा क्रम मोडला की दिवस वाया.

आधी कलम

मुंबईपुरते तीन काळ महत्त्वाचे आहेत.

पहिला १९१४ ते १९१९. ऑगस्ट १९१४ पासून परदेशी लोकांवर बंधनं घालणारे वटहुकूम निघाले, बाहेरून परतणाऱ्या हिंदी लोकांना बंदरातच अडवता यावं म्हणून 'इनग्रेस इनटू इंडिया' वटहुकूम आला आणि मार्च १९१५ मध्ये डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्ट. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान युद्धात उतरलं, तेव्हा बगदाद-बसऱ्याकडून आलेले आणि ब्रिटिश प्रजाजन नसलेले मुंबईतले ज्यू, अरब, आर्मेनियन लोक कागदोपत्री शत्रूची प्रजा झाले. त्यांचा शोध 'ज्यू' या शब्दाखाली घेतलात तर अर्धंच हाती लागेल; 'तुर्की प्रजाजन' या मथळ्याखाली घ्या.

साल ठरवताना युद्ध संपल्याच्या तारखेला थांबू नका. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, पण 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना एप्रिल १९१९ मध्ये बोटीत बसवून विलायतेला धाडलं ते युद्धकाळातल्या नियमांच्याच आधारे. हॉर्निमन स्वतः इंग्रज. म्हणजे संशयाला कातडीचा रंग पुरत नसे, कोणाच्या बाजूने लिहितो हेही पाहिलं जाई. कोणत्याही युद्धाची यादी चाळताना पुढचं एक वर्ष धरूनच चाळा.

दुसरा काळ १९३९ ते १९४६. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, त्याच दिवशी डिफेन्स ऑफ इंडिया वटहुकूम निघाला आणि महिनाअखेर त्याचा कायदा झाला. इथे दोन दरवाजे आहेत आणि ते कधीही एकमेकांत मिसळू देऊ नका. माणूस परकीय असेल तर परकीय नोंदणी कायदा १९३९ आणि त्याच्या भोवतीचे आदेश. माणूस हिंदी असेल तर डिफेन्स ऑफ इंडिया रूल्समधला नियम २६, म्हणजे खटल्याविना स्थानबद्धता. याच नियमावर केशव तळपदे यांचं प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि एप्रिल १९४३ मध्ये कोर्टाने सांगितलं की नियम २६ मूळ कायद्याच्या कक्षेबाहेर जातो. सरकारने काही दिवसांत वटहुकूम काढून भोक बुजवलं. जानेवारी १९४४ च्या पुढच्या वटहुकुमाने मात्र स्थानबद्धाला कारणं कळवणं बंधनकारक केलं. शोधणाऱ्यासाठी ही तारीख सोन्याची आहे. त्याआधीच्या नस्तीत 'सार्वजनिक सुरक्षिततेला बाधक' एवढा छापील ठसा दिसेल. १९४४ नंतर त्याच माणसाची कारणं क्रमांक घालून लिहिलेली मिळू शकतात. तेव्हा १९४२ ची नस्ती कोरडी निघाली तर १९४४ ची मागवा.

तिसरा काळ १९६२ ते १९६८, चीनशी झालेल्या युद्धामुळे संशयात सापडलेल्या चिनी वंशाच्या मुंबईकरांचा. त्याची रीत निराळी, म्हणून तो शेवटी.

मग खातं

मुंबई शहराचा पोलीस कमिशनर सरकारला थेट अहवाल देई. बाकी इलाख्याचा सी.आय.डी. पुण्याहून चाले. त्यामुळे दादरचा माणूस रविवारी पनवेलला भाषण करून आला तर त्याच्यावर दोन वेगळ्या कचेऱ्यांत दोन वेगळे कागद तयार होत, आणि दोन्हींतलं वर्णन जुळेलच असं नाही. दोन्ही धारा येऊन मिळत त्या सचिवालयाच्या होम डिपार्टमेंट (स्पेशल) मध्ये. राजकीय संशयिताचं घबाड तिथेच असतं. परकीय लोक, कॉन्सल आणि संस्थानं यांचा पत्रव्यवहार पोलिटिकल डिपार्टमेंटमध्ये पाहा.

होम स्पेशलचा नस्ती क्रमांक म्हणजे एक मोठा आकडा, कंसात पोटआकडा, कधी पुढे एखादं इंग्रजी अक्षर आणि साल. मोठा आकडा विषयाचा, पोटआकडा त्या विषयातल्या तुकड्याचा. एक उपयोगी नस्ती सापडली की तिच्या मागचे-पुढचे पोटआकडेही मागवा. सूचीतला मथळा पाहून 'याचा संबंध नाही' असं ठरवू नका. मथळा पहिल्या कागदावरून दिलेला असतो आणि नस्ती पुढे भलतीकडे गेलेली असते.

एक भौगोलिक खोच: एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराची बंदरातल्या जुन्या भानगडी मुंबईच्या दप्तरात आढळतात. नंतरच्या नाहीत.

दिल्लीची प्रत विसरू नका. मुंबई सरकार दर पंधरवड्याला राजकीय परिस्थितीचा अहवाल दिल्लीला पाठवी. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून यातलं पुष्कळ घरी बसून वाचता येतं. युद्धकाळात या अहवालांचा क्रमांक १८ ने सुरू होतो, मधला आकडा महिन्याचा आणि शेवटचा सालाचा: १८/८/४२ म्हणजे ऑगस्ट १९४२. मुंबईची नस्ती जीर्ण म्हणून देत नसतील किंवा जागेवर सापडत नसेल, तर तिचा गोषवारा बऱ्याचदा इथे मिळतो.

वाचनकक्षातला दिवस

सोबत ओळखपत्र, विषय आणि सालं स्पष्ट लिहिलेला अर्ज आणि शक्य असेल तर कॉलेजचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र ठेवा. विषय 'पणजोबांची माहिती' असा लिहू नका. 'मुंबई शहरातील परकीय नागरिकांची स्थानबद्धता, १९३९–१९४५' असा लिहिला की समोरच्यालाही कुठल्या सूची काढून द्यायच्या ते कळतं. पेन खिशातच राहू द्या, टिपणं पेन्सिलीने. पहिल्या दिवशी नस्ती मागवण्याची घाई नको. तो दिवस फक्त सूचींचा. वहीत खातं, साल, क्रमांक, मथळा असे चार रकाने करून वीस-पंचवीस नोंदी उतरवा, मग त्यातून महत्त्वाच्या पाच मागवा. स्लिपवर साल चुकलं तर कोणी दुरुस्त करून देत नाही, 'सापडत नाही' असा शेरा येतो. असा शेरा आला की आधी आपली स्लिप तपासा.

वर्तमानपत्रांसाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तारीख हाती असल्याशिवाय जुने अंक चाळायला बसू नका, डोळे जातात आणि हाती काही लागत नाही.

नावांचे घोटाळे

मराठी आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार तरी धरा आणि आडनावाऐवजी वडिलांच्या नावाखालीही पाहा. पोलिसांच्या यादीत 'गणेश विष्णू' एवढंच लिहून मोकळे झालेले असतात.

जर्मन नावांत ज्या स्वरावर दोन टिंबं असतात तो कधी साध्या अक्षराने, कधी पुढे 'ई' जोडून लिहिलाय, त्यामुळे एकच म्युलर यादीत दोन ठिकाणी असतो. हिटलरच्या राजवटीतून पळून मुंबईत आलेल्या ज्यूंच्या बाबतीत आणखी तीन सापळे आहेत. जानेवारी १९३९ पासून जर्मन सरकारने ज्यू पुरुषांच्या नावात 'इस्रायल' आणि बायकांच्या नावात 'सारा' घालणं सक्तीचं केलं. पासपोर्टवरून उतरवून घेणाऱ्या कारकुनाने ते तसंच घेतलं, म्हणून 'इस्रायल' हे आडनाव समजू नका. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला गेल्यामुळे व्हिएन्नाचा माणूस जर्मनांच्या यादीत असतो. आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं, त्यामुळे तोच माणूस १९३९ च्या कागदावर 'जर्मन', तर पुढच्या कागदावर 'राष्ट्रहीन' असू शकतो. दोन वेगळी माणसं समजून एक सोडून देणारे बरेच.

चिनी नावांत आडनाव आधी येतं, पण मुंबईच्या कारकुनाने मनाला येईल तसं फिरवलंय. 'आह' हा नुसता हाक मारायचा उपसर्ग आहे, आडनाव नव्हे. आणि एकाच चिनी अक्षराचं कँटनी बोलीत 'चान', तर उत्तरेकडच्या बोलीत 'चेन' होतं.

गावांचे घोटाळे

देवळाली नाशिकजवळची लष्करी छावणी, देवली राजस्थानात. इंग्रजी टंकलेखनात दोन्हींत एका तुकड्याचा फरक, आणि टंकलेखक घाईत. देवलीचा स्थानबद्धांचा तळ तर तीन वेगवेगळ्या संशयांसाठी वापरला गेला: १९४०-४१ मध्ये हिंदी राजकीय स्थानबद्ध, त्यांत मुंबईचे कॉम्रेड डांगेही, मग दिल्लीच्या पुराना किल्ल्यातून हलवलेले जपानी नागरिक, आणि १९६२ नंतर चिनी वंशाचे भारतीय. सालाशिवाय 'देवली' या शब्दाला काही अर्थ नाही.

अहमदनगरचंही तसंच. किल्ल्यात १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणी होती, नेहरू आणि मौलाना आझाद धरून. जर्मनांचा तळ निराळा. तोच तळ पहिल्या महायुद्धातही जर्मन-ऑस्ट्रियन लोकांसाठी चालवला होता. त्या पहिल्या खेपेसाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसने १९१४–१८ च्या कैद्यांची कार्डं आणि तळांचे पाहणी अहवाल इंटरनेटवर खुले केलेत. रेडक्रॉसचे प्रतिनिधी १९१७ च्या सुरुवातीला अहमदनगर, बेळगाव, बेल्लारीला स्वतः फिरून गेले होते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत पकडलेल्या जर्मनांचा माग साधारण अहमदनगर, देवळाली, डेहराडून असा लागतो. कुटुंबं आणि निर्वासित असतील तर पुरंदर आणि साताराही पाहा.

जपान्यांसाठी डिसेंबर १९४१ पासून सुरुवात करू नका. जुलै १९४१ मध्ये जपानी खाती गोठवली गेली आणि मुंबईच्या कापूस बाजारातल्या जपानी कंपन्यांचे कागद तिथूनच सुरू होतात. पोलिसांची नस्ती नंतर येते, बँकेची आणि व्यापार खात्याची आधी.

नस्ती वाचायची कशी

नस्तीला दोन अंगं असतात: आलेली-गेलेली पत्रं आणि खात्यातल्या खात्यात लिहिलेली टिपणं. नवखे लोक पत्रांची नक्कल करत बसतात. खरा मामला टिपणात असतो, कारण पत्रात सरकार एकमुखाने बोलतं आणि टिपणात अवर सचिव म्हणतो 'पुरावा नाही', तर वरचा साहेब समासात 'सहमत नाही' असं खरडतो. आद्याक्षरं आणि तारखा जपून उतरवा. 'डी.ओ.' म्हणजे अर्धशासकीय पत्र, 'यू.ओ.' म्हणजे एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरणारी अनौपचारिक टिप, 'के.डब्ल्यू.' म्हणजे जोडून ठेवलेले जादा कागद. के.डब्ल्यू. असा उल्लेख आला की ते कागद वेगळे मागा, नस्तीबरोबर आपोआप येतीलच असं नाही.

एक ध्यानात असू द्या: नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत मुंबईत गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार यांचं राज्य होतं. या काळातल्या नस्तीवर मंत्र्याचा शेरा शोधू नका.

आता प्रत्यक्ष वाचन. कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: तारीख, लिहिणारा, काय म्हणतो, कशाच्या आधारावर. चौथा रकाना भरताना प्रामाणिक राहा. समजा, मार्चच्या कागदात लिहिलंय की अमुक माणूस जपानधार्जिणा असल्याचं 'समजतं'. एप्रिलच्या कागदात 'विश्वसनीय गोटातून' तेच. जूनच्या टिपणात 'हा माणूस जपानधार्जिणा म्हणून ज्ञात आहे'. तीन कागद झाले. पण शब्दरचना ताडून पाहिलीत की कळतं, एकाच खबऱ्याचं एकच वाक्य तीन टेबलांवरून फिरलंय आणि प्रत्येक टेबलावर जास्त पक्कं होत गेलंय. आधाराच्या रकान्यात तेव्हा तीन नोंदी करायच्या नाहीत, एकच करायची. हे न केल्यामुळे साध्या दुकानदाराला 'पंचमस्तंभी', म्हणजे शत्रूचा छुपा हस्तक, ठरवणारे लेख आजही छापून येतात. उलटही होतं: घरातला प्रत्येक पाळतीवरचा माणूस क्रांतिकारक ठरतो. पाळत पुष्कळांवर होती, त्यातले बरेचजण नुसते चुकीच्या सभेला जाऊन बसले होते.

विशेषणं उतरवताना भाषांतर करू नका, मूळ शब्द देवनागरीत ठेवा: लॉयल, हार्मलेस, अनडिझायरेबल, डिसअफेक्टेड. प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. 'हार्मलेस' ही पावती नाही, 'याच्यावर माणूस लावायची गरज नाही' एवढाच तिचा अर्थ. माणसाची जात-वंश लिहिण्याची पद्धतही पाहा. युरोपियन, अँग्लो-इंडियन, हिंदी, एशियाटिक यांपैकी कोणता शिक्का बसला यावर खोली, भत्ता, जेवण, पत्रांची मुभा सगळं ठरत असे. एकाच आठवड्यात पकडलेल्या युरोपियन आणि हिंदी माणसाच्या नस्त्या शेजारी ठेवून भत्त्याचा आकडा तेवढा पाहिला, तरी पानभर मजकूर वाचल्याइतकं कळतं.

हात बसवायचा असेल तर आयता प्रसंग आहे: १० जून १९१८, टाउन हॉल, युद्ध परिषद. गव्हर्नर विलिंग्डन यांनी होमरूलवाल्यांच्या निष्ठेविषयी जाहीर शंका घेतली. टिळक बोलायला उठले, निष्ठा व्यक्त करून स्वराज्याच्या मुद्द्याकडे वळले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आलं आणि ते परिषदेतून बाहेर पडले. या एका दुपारचं वर्णन सरकारी इतिवृत्त, 'टाइम्स', 'क्रॉनिकल' आणि 'केसरी' अशा चार ठिकाणी वाचा. 'लॉयल्टी' आणि 'निष्ठा' हे शब्द कोण कशासाठी वापरतंय, ते चार रकान्यांत मांडा. एका दिवसाचं काम आहे. ते करून मग खऱ्या नस्तीला हात घाला.

१९६२ नंतरचे मुंबईकर

२६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली, ती जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. या काळातल्या आदेशांत आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी एक कधीकाळी चिनी नागरिक असणं एवढंही 'चिनी वंशाचा' ठरायला पुरे होतं, मग जन्म भायखळ्यातला का असेना. देवलीला नेलेले सुमारे तीन हजार लोक मुख्यतः आसाम आणि बंगालमधले. मुंबईतल्यांच्या वाट्याला जास्त करून नोंदणी, हजेरी आणि शहराबाहेर जाण्यावर बंदी आली. त्यामुळे मुंबईकराचा शोध देवलीच्या यादीत घेऊन ती कोरी निघाली, की 'काही झालं नाही' असा निष्कर्ष काढू नका.

सरकारी कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार. राज्याच्या कचेरीकडे अर्ज करताना एकच विषय आणि दीडशे शब्द, ही महाराष्ट्राची मर्यादा पाळा. केंद्राला पाचशे शब्द चालतात. फी दहा रुपये. अर्जात कलम ८(३) चा उल्लेख जरूर करा: वीस वर्षांहून जुन्या घटनांना बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे सोडून. गुप्तचर यंत्रणांना कलम २४ खाली सूट असते, म्हणून 'गुप्त अहवाल द्या' असं लिहिलंत तर अर्ज तिथेच मेला. 'परकीय नोंदणी वही', 'नष्ट केलेल्या नस्त्यांची यादी', 'अभिलेखागाराकडे वर्ग केलेल्या नस्त्यांची यादी' असं मागा. नस्ती नष्ट झाली असेल तर ती केव्हा आणि कोणाच्या आदेशाने, हेही विचारा. बऱ्याचदा हेच उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं.

घर किंवा दुकान गेलं असेल तर रस्ता वेगळा: शत्रू मालमत्ता कायदा १९६८ आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या कैसर-ए-हिंद इमारतीतलं शत्रू मालमत्तेच्या अभिरक्षकाचं (अशी मालमत्ता ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं) कार्यालय. तिथे माणसाच्या नावाऐवजी सिटी सर्व्हे नंबर घेऊन जा.

कागद जिथे संपतात तिथे दगड उपयोगी पडतात. अँटॉप हिलची चिनी दफनभूमी, माझगावचं चिनी देऊळ, वरळीची जपानी दफनभूमी. थडग्यावरचं नाव मूळ लिपीत असतं, म्हणून सरळ उजेडात फोटो काढा, खडू किंवा पाणी लावू नका, परवानगी घेऊनच आत जा. त्या मूळ अक्षरांवरून इंग्रजी नावाच्या सगळ्या शक्य स्पेलिंगांची यादी करा आणि ती घेऊन पुन्हा सूचीकडे जा.

जुन्या माणसांशी बोलायला गेलात तर पहिल्या भेटीत रेकॉर्डर टेबलावर ठेवू नका आणि 'तुमच्यावर संशय का घेतला' असं विचारू नका. हजेरीला कुठे जावं लागे, किती वाजता, सोबत कोण येई, दुकान कोण सांभाळी, असं विचारा. मिळालेली नक्कल त्यांना आधी दाखवा. नस्तीत खबऱ्याचं नाव उघडं असेल तर छापताना गाळा. ते घर बहुधा त्याच गल्लीत अजून आहे.